पुलावरच्या फळ्यावर सतरा

“हात! केर्तू, आधी हात!”

चाळीस वर्षं झाली त्या आवाजाला. केर्तू तेव्हा सात वर्षांची होती. गुडघाभर पाण्यात उभी होती आणि तिच्या पायांशी तिच्या आयुष्यातला पहिला स्टीलहेड मासा आडवा होऊन कल्ले उघडत-मिटत होता. त्याला धरायला ती वाकली, तोच पलीकडच्या काठावरून, सगळा खळाळ ओलांडून, बापाचा आवाज आला. तिनं दचकून दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवले. कोरड्या हातानं माशाला शिवायचं नाही. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हाच त्याचा अंगरखा. तो आपल्या तळव्याला पुसून आला की मासा उघडा पडतो, अंगाला बुरशी धरते, आणि आठ दिवसांनी कुठल्याशा दगडाखाली तो मरून पडतो. आपल्याला मात्र तो दिमाखात निघून गेलेलाच आठवत राहतो. हे सगळं बापानं मागाहून, शेकोटीपाशी, तिचे मोजे वाळवताना सांगितलं होतं.

आज सप्टेंबरातला शेवटचा रविवार. केर्तू उजाडल्यापासून पायावर होती. कपबशा धुऊन झाल्या होत्या, त्या तिनं पुन्हा धुतल्या. गळकाठीवरची दोरी सोडली, पुन्हा गुंडाळली. ओसरीत गेली, देवदारांच्या शेंड्यांवरचं धुकं बघितलं, आत आली, आणि आपण कशाला बाहेर गेलो होतो ते आठवेना म्हणून परत बाहेर गेली.

“अगं, टेक की जरा,” टेबलापाशी बसलेला तिचा बाप, विल्हो, म्हणाला. “अंडं कुठं घातलं ते विसरलेल्या कोंबडीसारखी फिरतेयस सकाळपासून.”

“भट्टीत पाव आहे, पा.”

“तो बाहेर येऊन तास झाला. अर्धा मी खाल्लासुद्धा.” त्यानं मिशीवरचा वेलदोड्याच्या पावाचा भुगा झटकला आणि समोरचा कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला. “ऐक. कसं वाटतं सांग. ‘मित्रांनो, मी एकोणऐंशी वर्षांचा आहे आणि या नदीत मी...’”

“मित्रांनो काय? आठ माणसं असणार. त्यात पर्सी बहिरा.”

“मग मोठ्यानं म्हणेन. मित्रांनो!” तो ओरडला आणि त्याला खोकला आला. खोकला थांबेस्तोवर केर्तू त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. त्या पाठीत आता नुसत्या काड्या उरल्या होत्या.

हेरन नदीवर गळ टाकणारी घरं वर्षातून दोनदा पुलाखालच्या गोट्यांच्या पट्ट्यावर बसत. सरकारचे नियम होतेच: गळाला उलटा काटा नको, एका दोरीला एकच गळ, स्टीलहेड मारायचा नाही, सोडून द्यायचा. पण त्याउपर नदीकाठच्यांचे स्वतःचे असे काही नियम होते, ते कुठं लिहिलेले नव्हते आणि कुणी मोडत नव्हतं. आजची बैठक ओरिनसाठी होती. ओरिननं या नदीत पुन्हा उतरावं की नाही, एवढंच ठरायचं होतं. आणि त्यानं उतरू नये, हे सांगायला पहिला उठणार होता विल्हो.

केर्तूच्या पोटात ऑगस्टपासून एक आकडा अडकून बसला होता. तो तिला जेवू देत नव्हता की बसू देत नव्हता.

पुलाच्या खांबावर एक फळा होता. विल्होच्या बापानं, तो फिनलंडहून या बेटावर लाकूड तोडायला आला तेव्हा, ठोकलेला. उन्हाळ्यात नदी तापली की माशांना धाप लागते. पाण्यातली हवा उडून जाते आणि थकलेल्या माशाला ती पुरत नाही. म्हणून उन्हाळाभर रोज सकाळी या घरातलं कुणीतरी पुलाखाली, सावलीतल्या धारेत, तांब्याच्या नळीतला थर्मामीटर सोडायचं. पारा ठरेपर्यंत वाट बघायची. वाट बघायला आजीनं एक गाणं करून ठेवलं होतं. ते सावकाश तीनदा म्हटलं की पारा ठरतो.

पाण्या रे पाण्या, कुण्या डोंगराचं?
उन्हात तापलेलं की बर्फाच्या घराचं?
पाण्या रे पाण्या, पोटी निजलं कोण?
धाप त्याला लागली तर परतू आम्ही दोन.

मग खडूनं फळ्यावर आकडा लिहायचा. अठरा अंशांच्या आत असेल तर उतरायचं. अठरा झालं की जो तो पुलावरूनच गाडी वळवायचा. कुणी हुज्जत घालायचं नाही, कुणी स्वतःचा थर्मामीटर काढायचं नाही. या घरच्या खडूवर कुणाला कधी शंका आलीच नाही.

यंदाच्या ऑगस्टात बारा दिवस आकडा अठराच्या वर होता. ते बाराही दिवस विल्हो सकाळी रबरी बूट चढवून गाडीत बसायचा, पुलापाशी यायचा, फळा बघायचा, घरी जाऊन बूट उतरवायचा. तक्रार नाही, चकार शब्द नाही. किनाऱ्यावरच्या गावातल्या डॉक्टरीणबाईंनी केर्तूला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय आता दमलंय, पुढच्या उन्हाळ्याचं काही धरू नका.

तेराव्या दिवशी ती पुलाखाली उतरली. गाणं तीनदा म्हटलं. नळी वर ओढली. वीस, आणि वर एक बारीक रेघ. ती वर आली, खडू उचलला आणि उगाचच मागे वळून बघितलं. गाडीचं दार उघडं होतं. विल्होचा एक पाय आत, एक बाहेर. थर्मामीटरवरच्या बारीक रेघा त्याला आता दिसत नसत, पण फळ्यावरचा मोठा आकडा दिसायचा. तो फळ्याकडे बघत नव्हता. तो पाण्याकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर बाराही दिवसांची सगळी गपगार वाट गोळा झाली होती.

तिनं सतरा लिहिलं.

“सतरा!” बाप गाडीतून उतरताना पोरासारखा ओरडला होता. “म्हटलं नव्हतं, वाऱ्याला काल रात्रीच गारवा होता म्हणून?”

वाऱ्याला कसला गारवा! पण ती म्हणाली, “हो, पा.”

आल्डर ओढा जिथं नदीला मिळतो तिथं थंड पाण्याची एक जीभ आत येते. तापलेल्या दिवसांत सगळे मासे त्या जिभेवर दाटीवाटीनं उभे राहतात. विल्होला तिसऱ्याच फेकीला मासा लागला. एरवी तो कुठलाही मासा झटक्यात आणायचा. जरा वेळ लागतोय असं वाटलं तर स्वतःच दोरी तोडायचा. “त्याचा जीव आपल्या हौसेपेक्षा मोठा,” म्हणायचा. पण त्या दिवशी हातात जोर नव्हता आणि सोडवतही नव्हतं. मासा थंड पाण्यातून तापल्या पाण्यात गेला, तिथंच झुंजत राहिला. केर्तूच्या गळ्यात चाकू लटकत होता. दोरी कापायला एक निमिष पुरलं असतं. तिनं चाकूला हात लावला आणि काढून घेतला.

मासा आला. मादी होती, अंगावर गुलाबी झाक, डाव्या कुशीवर सीलच्या दातांची जुनी चंद्रकोर. विल्होनं सगळं नीट केलं. हात ओले केले. तिला पाण्याबाहेर एक बोटभरही उचललं नाही. बिनकाट्याचा गळ एका वळशात निघाला. तिचं तोंड धारेकडे केलं आणि हात उघडले. ती त्याच्या दोन बुटांमध्ये उभी राहिली, पर पसरून. कितीतरी वेळ.

“घेऊ दे तिला दम,” तो पुटपुटला.

मग शेपटीचा एक फटका, आणि पाणी मोकळं.

“बघितलंस? घोड्यासारखी गेली! बघितलंस ना?” हसता हसता त्याला खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तो तसाच ओल्या गोट्यांवर बसून राहिला. त्या दिवसापासून ते घोड्यासारखं जाणं घरात दर जेवणाला पानावर वाढलेलं असे.

फळ्यावर सतरा बघून त्या दिवशी सगळेच उतरले होते. बारा दिवसांचे भुकेले.

तिसऱ्या दिवशी व्हर्नाचा फोन आला. नदी समुद्राला मिळते तिथलं गाव व्हर्नाच्या माणसांचं, फिनलंडहून कुणी इथं येण्याच्या कैक पिढ्या आधीपासूनचं. नदीची राखण तीच करायची. दर ऑगस्टात काळा रबरी पोशाख आणि काचेचा मुखवटा चढवून ती वरून खालपर्यंत तरंगत यायची आणि मासे मोजायची. ओढ्याच्या डोहाखाली तिला तळाशी सात स्टीलहेड मरून पडलेले दिसले होते. ते काढायला तिनं केर्तूला बोलावलं. तिसरा मासा केर्तूनं शेपटीला धरून उलटा केला, आणि डाव्या कुशीवर चंद्रकोर. कल्ले चुन्यासारखे पांढरे. अंडी पोटात तशीच, भरलेली. तिनं ती मादी पोत्यात सगळ्यांच्या खाली घातली आणि व्हर्नाला म्हणाली, “मोठी होती.”

दोष ओरिनच्या माथी आला. ओरिन पाहुण्यांना होडीतून नदी दाखवायचा, गळ टाकायला शिकवायचा. त्यावरच त्याचं घर चालायचं. त्या दुपारी त्याच्या होडीत शहरातली दोन माणसं होती. त्यातल्या एकानं मासा खडकावर ओढला, हवेत उचलून छातीशी धरला आणि फोटो काढून घेतला. ओरिन ओरडत धावला, पण तोवर फोटो निघाला होता. तो सगळ्यांच्या फोनवर फिरला: माशाचं तोंड उघडं, पोटाला वाळू चिकटलेली. एक फोटो आणि सात मेलेले मासे, लोकांनी एकाला दुसऱ्याची गाठ मारली.

त्याला कुणी शिवी दिली नाही. या नदीत एका डोहावर चारपाच जण असले तर एकामागोमाग उतरतात: एक फेक, एक पाऊल खाली, पुन्हा एक फेक. कुणी जागा अडवून उभं राहत नाही. नवा आलेला काठावरून विचारतो, “जागा आहे का?” आणि पाण्यातले म्हणतात, “ये, मागून ये.” एवढंच. ऑगस्टपासून ओरिननं विचारलं की पाण्यातले धारेकडे बघत राहायचे. तो थोडा वेळ उभा राहायचा आणि जायचा. केर्तूसुद्धा दोनदा अशीच धारेकडे बघत राहिली होती. त्या दोन्ही वेळांनंतर तिनं घरी येऊन अंगण झाडलं होतं, जिथं झाडण्यासारखं काहीच नव्हतं.

आज बैठकीला जाताना पुलापाशी गाडी थांबवून ती पुलाखाली उतरली. उन्हाळा सरला होता, आता आकड्याची गरज नव्हती. पण पायांना कुठंतरी जायला हवं होतं; नळी सोडून, पारा बघून ती वर आली. व्हर्ना खांबाला टेकून थर्मासमधली कॉफी पीत उभी होती.

“किती?” व्हर्नानं विचारलं.

“अकरा.”

“लिही की मग.”

केर्तूनं लिहिलं. व्हर्ना तिच्या हाताकडे बघत होती.

“मी त्या दिवशी पोहत आले ना,” व्हर्ना म्हणाली, “तेव्हा ओढ्याच्या जिभेबाहेर पडले की अंगाला कोमट लागत होतं. न्हाणीतल्या पाण्यासारखं. सतराचं पाणी दोन दिवसांत एवढं तापतं का गं?”

“ऊन होतं ना.”

“हं. ऊन तर होतं.” तिनं उरलेली कॉफी गोट्यांवर ओतली. “या फळ्यावर माझी आई डोळे झाकून विश्वास ठेवायची. आणि माझी आई सख्ख्या भावावर ठेवायची नाही.”

ती हसली. केर्तूलाही हसायला हवं होतं. तिनं खडू खिशात टाकला, मग काढला, मग फळ्याच्या कडेवर ठेवला.

“काय कुजबुजताय दोघी?” गाडीतून विल्हो ओरडला. “मला उतरवणार आहात की मी इथंच भाषण देऊ?”

गोट्यांच्या पट्ट्यावर माणसं जमली होती. उथळ पाण्यात गुलाबी सॅमन मरत होते; अंडी घालून झालेले, अंग फिकं पडून फाटलेले. त्यांचा वास सगळीकडे होता आणि इथं कुणाला तो वास लागत नव्हता. जिथं गोट्यांवर ताज्या उकरलेल्या फिकट खळग्या दिसत होत्या तिथून सगळे वळसा घालून आले होते. खळगीत अंडी असतात, तिथं पाय पडला की एक पिढी गेली. एका लाकडावर पर्सी बसला होता, जन्मभर फेरीबोटीवर भोंगा वाजवून कान घालवलेला.

“आलास का म्हाताऱ्या?” तो विल्होला म्हणाला. “वाटलं मेलास. मी तुझ्या काठीवर डोळा ठेवून होतो.”

“तुला देण्यापेक्षा अस्वलाला देईन.”

“काय?”

“अस्वलाला!”

“अस्वल दोरी चांगली फेकतं तुझ्यापेक्षा,” पर्सी म्हणाला, आणि सगळे हसले. पाव फिरला, धुरावलेल्या सॅमनचे तुकडे फिरले. केर्तू कुणाला कप देत होती, कुणाचा रिकामा नसलेला कप भरत होती.

“पोरी, कॉफी माझ्या बुटात जातेय,” पर्सी म्हणाला.

तेवढ्यात वरच्या काठावर ओरिन दिसला. टोपी हातात. तो उतरला नाही. तिथूनच त्यानं विचारलं, “जागा आहे का?”

विल्हो कपात बघत राहिला. व्हर्नानं केर्तूकडे बघितलं. केर्तूच्या जिभेवर ‘ये’ आलं आणि दातांशी येऊन थांबलं.

“बरं,” ओरिन म्हणाला. “मी इथूनच बोलतो. फार नाहीये.” त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. “पाहुण्यानं उचलला तो मासा माझ्या डोळ्यांदेखत उचलला. तो माझाच दोष. त्याला आधी सांगायला हवं होतं, मी सांगितलं नव्हतं. बाकी चार आम्हीच धरले, ते मी स्वतः सोडवले. हात ओले होते. पाण्यातच ठेवले होते. मला तसंच आठवतं. पण सात मेले. तेव्हा मला जे आठवतं ते खरं नसणार. रात्री उठून मी हात बघतो. होडी विकलीय. बहिणीकडे जातोय, गव्हाच्या मुलखात. तिथं नदी नाही. बरंच आहे ते. विल्होकाका, तुम्ही मला पहिली काठी दिली होती, ती मी पुलावर ठेवलीय.”

विल्हो लाकडाचा आधार घेत उठला. कागद त्यानं खिशातून काढलाच नाही.

“पोरा, मला हे बोलताना आनंद नाही,” तो म्हणाला. “पण बोललं पाहिजे. पाणी सतरा होतं. मी त्याच पाण्यात, त्याच डोहात होतो. माझे हात बघ, कापतात. तरी माझी मादी घोड्यासारखी गेली. केर्तू होती तिथं. पाणी चांगलं होतं, मासे चांगले होते. मग मेले कशानं? हातांनी. दुसरं काय उरतं? आणि ज्याच्या हाताची खात्री नाही त्यानं...”

केर्तू उठली. बसली. पुन्हा उठली.

“पा, थांब.”

“बोलू दे मला.”

“पा, पाणी वीस होतं.”

कुणाचा तरी कप गोट्यांवर टेकल्याचा आवाज झाला.

“काय म्हणाली ती?” पर्सीनं कानाला हात लावला. “मोठ्यानं बोल, पोरी! इथं सगळे कुजबुजतच असतात.”

तिला ते पुन्हा म्हणावं लागलं. ओरडून, पाण्यावरून, वरच्या काठापर्यंत पोचेल असं. “वीस होतं! वीसच्याही वर! मी फळ्यावर सतरा लिहिलं. मला माहीत होतं आणि मी लिहिलं!”

पर्सीनं कानावरचा हात हळूच खाली घेतला. व्हर्ना पाण्याकडे बघू लागली. एकच तेवढी होती जिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. वर ओरिन टोपी धरून तसाच उभा होता, आपण काय ऐकलं ते त्याला कळलं नसल्यासारखा.

“का?” विल्हो म्हणाला. फार हळू.

“बारा दिवस तू बूट घालत होतास, पा. बारा दिवस उतरवत होतास. एक शब्द बोलत नव्हतास. बोलला असतास, भांडला असतास, तर मी नाही म्हणाले असते.”

विल्होनं मिशीवरून हात फिरवला. चाळीस वर्षं त्या खडूचा, त्याच्या बापाचा, आईच्या गाण्याचा आब त्याच्या खांद्यावर होता. तो खांदा सगळ्यांच्या देखत उतरला. तो खाली बसला. मग त्यानं मान वर केली, आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, बुडणाऱ्याला फांदी दिसल्यासारखं.

“चुकलीस,” तो म्हणाला. “फार चुकलीस. ते आपण घरी बघू. पण ऐक, वीस तर वीस. वीसच्या पाण्यातूनही माझी गेलीच ना? मी तिला उचललं नाही, वाळूला लावलं नाही, तोंड धारेला दिलं. गेली की नाही? म्हणजे नीट हातानं धरलेली वीसमध्येही जगते. मग शेवटी हातच की.” त्यानं सगळ्यांकडे बघितलं आणि मग तिच्याकडे. “तू होतीस तिथं. सांग यांना. कशी गेली ती?”

“काका बरोबर बोलतायत,” वरून ओरिन म्हणाला. त्यानं टोपी डोक्यावर घातली. “केर्तू, तू हे बोललीस, तुझे उपकार. पण त्यांच्या हातचा जगला. माझे नाही जगले.” तो वळला. वरच्या काठावरच्या गोट्यांवर त्याचे बूट वाजू लागले, एकेक पाऊल पुलाकडे.

केर्तू बापाकडे बघत होती. त्याचे हात गुडघ्यांवर उताणे पडले होते, आणि तो तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता. एवढं एक त्याच्याकडे राहू देता आलं असतं. हिवाळा काढायला त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं. येतील तेवढ्या जेवणांना त्यानं तेच सांगितलं असतं, आणि तिनं दर वेळी ‘हो, पा’ म्हटलं असतं. ओरिनचे बूट आता पुलाच्या लाकडी फळ्यांवर वाजत होते.

“ओरिन!” ती ओरडली. “थांब! हे तूही ऐक!”

बूट थांबले.

ती गुडघ्यांवर बसली, बापाच्या समोर, ओल्या गोट्यांवर, आणि त्याचे दोन्ही हात तिनं धरले.

“तुझीही मेली, पा,” ती म्हणाली. “त्या सातांत होती. मी तिला ओळखलं, माझ्या हातांनी पोत्यात घातलं, आणि तुला सांगितलं नाही.”